उरलेला डोंगर आणि आमचे दाजी

फोन वाजला तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात एका लाल कंधारी जोडीचा सौदा चालला होता. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो… आमच्यात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात आणि वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू ठेवतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, काय ठरलं ते दोघांनाच कळतं. मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा दलाल, आणि उभं आयुष्य हेच केलं. हातातला सौदा अर्धा टाकून मी कधी उठलो नव्हतो. त्या दिवशी उठलो. फोनवर भाचा होता. "मामा, बाबा गेले," एवढंच बोलला. समोरचं गिऱ्हाईक अजून माझी बोटं धरून बसलं होतं. त्याला वाटलं, मी भाव वाढवायला नाटक करतोय.

गेले ते माझे दाजी. थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, यजमान नामदेवराव. आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडं, आणि आक्काला गावातच दिलेली, वरच्या आळीत. दाजी तालुक्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करायचे. निवृत्त झाले तरी दगड सुटले नाहीत. मी शाळा अर्ध्यात सोडून बैलांच्या मागं लागलेला माणूस. जे काही मिळवलं ते बाजारात उभं राहून, घसा फोडून मिळवलं. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं बोलायचे, मी येत्या बाजाराचं बोलायचो. तरी आमचं जमायचं, कारण दुसऱ्याचं म्हणणं पटवून घ्यायची सवय दोघांनाही नव्हती. माणूस गेला की चांगलं लिहावं, असं या पुरवणीच्या मंडळींनी मला सुचवलं. चांगलं लिहिणारच आहे, कारण माणूस चांगला होता. पण माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे. ती न मिटवता ते गेले, म्हणून तीही लिहिणार.

मांजरसुंब्याच्या घाटातून आम्ही किती वेळा गेलो असू, त्याला गणती नाही. बाजाराला जाताना मी त्यांना टेम्पोत पुढं बसवून घ्यायचो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथं आलं की ते ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायचे. गाडी थांबायची. दाजी उतरायचे, उघड्या खडकापाशी जायचे आणि दोन काळ्या थरांच्या मधे जी तांबडी पट्टी दिसते तिच्यावर पंजा ठेवून उभे राहायचे. माझे बैल मागं तापायचे, मी पुढं तापायचो. "दाजी, बाजार आपल्यासाठी थांबत न्हाई," मी ओरडायचो. "हा खडक थांबलाय की," ते म्हणायचे. एकदा मी वैतागून खाली उतरलो आणि विचारलं, "आसं काय हाय ह्याच्यात? ह्यो डोंगर वर आला कसा, त्ये तरी सांगा."

"वर आलाच नाही," दाजी म्हणाले. "हा उरलाय."

मग त्यांनी सांगितलं. आपला देश म्हणजे एके काळी समुद्रातून उत्तरेकडं सरकणारा जमिनीचा एक मोठा तुकडा होता. सरकता सरकता आपल्या इथं जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर आला. एकदा आला, थांबला, वर माती धरली, परत आला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे थर साचले. तांबडी पट्टी म्हणजे दोन भाकरींच्या मधल्या काळातली माती, वरच्या लाव्ह्यानं भाजलेली. सगळं सपाट होतं. पुढं पाण्यानं आजूबाजूचं खोदून नेलं आणि जे न्यायचं राहिलं त्याला आपण बालाघाट म्हणतो. मला राग आला. ज्या डोंगराच्या सावलीत जन्मलो त्याला कुणी उरलेला म्हणावं, हे काही मला पटलं नाही. "म्हंजे आमचा डोंगर शिल्लक माल हाय का?" मी म्हणालो. "शिल्लकच आहे मेव्हणे," ते म्हणाले, "पण माल बघा केवढा खणखणीत आहे." हे बोलताना त्यांनी खडकावर थाप मारली, मी बैलाच्या पाठीवर मारतो तशी. त्या थापेवर माझा राग गेला.

खरा वर आलेला डोंगर कोणता, हे त्यांनी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिताना सांगितलं. आपला तुकडा लाव्हा सांडून तसाच पुढं गेला आणि आशियाला जाऊन धडकला. मधे समुद्र होता. समुद्राचा तळ जड असतो, तो समोरच्या जमिनीखाली घसरत जातो, बुडतो. त्यामुळं समुद्र आहे तोवर भांडण नसतं. एक जण खाली जातो, दुसरा वर राहतो. पण समुद्र संपला आणि जमिनीला जमीन भिडली. जमीन हलकी असते, ती बुडत नाही. दोन्हीकडं जमीनच, तेव्हा कोण खाली जाणार… कुणीच गेलं नाही. थर दुमडले, मोडले, एकमेकांच्या अंगावर चढले, समुद्राच्या तळाचा गाळ आभाळात गेला. आज त्या शिखरांच्या दगडात शिंपले सापडतात. मी चहा प्यायचा विसरलो होतो. आयुष्यभर मी सौदे पाहिले, पण दोन्ही बाजू इतक्या अडून बसलेला सौदा ऐकला नव्हता.

आता तक्रारीकडं येतो. गावातली दूध संस्था मी उभी केली. सहकाराचं तेव्हा आमच्याकडं वारं होतं; कुणी साखर कारखान्याच्या मागं लागलं, कुणी पतसंस्थेच्या. मी म्हणालो, दारात म्हैस आहे तर दूध धरा. घरोघर फिरून सभासद केले, बायकांना त्यांच्या नावानं सभासद केलं, त्यात आक्काही होती. दुधाच्या भावावरून डेअरीवाल्यांशी मी जे भांडलो ते अजून तालुक्यात सांगतात. चेअरमन मीच होतो आणि दुसरं कुणी होईल असं कुणाला वाटतही नव्हतं. मग दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, टँकर माणसांनाच पुरेना, जनावरांना कुठून पुरणार? ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. एकदा कोयते गेले की गावात म्हातारी माणसं आणि म्हशी उरतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी पायथ्यापासून घागरी आणून म्हशी जगवाव्यात ही गोष्ट होणारी नव्हती. म्हशी विकल्या की संस्था संपली. म्हणून टोळ्या जायच्या आत मी सभा बोलावली आणि ठराव मांडला: संस्थेनं वरच्या माळावर खोल बोअर घ्यायचा, एकदम पाताळात जाईल असा, आणि तिथून नळानं पाणी खाली आणायचं.

मारुतीच्या पारावर सभा होती. मी बोलायला उठलो आणि रंगात आलो. माल विकायचा म्हटलं की मला रंग चढतो. मी म्हणालो, गंगा कुठून निघते, हिमालयातून. डोंगराच्या पोटात पाणी असतंच. आणि डोंगर जमिनीच्या पोटातून वर येतो, हे मी सांगत नाही, आमच्या नामदेवराव सरांनी सांगितलंय. माणसं माना हलवायला लागली. ठराव मंजूरच होता. बालाघाट उरलेला आहे ही बाब मी मांडली नाही. बैल विकताना मी दात दाखवतो, खुराची चौकशी गिऱ्हाइकानं करायची असते.

तेवढ्यात दाजी उठले. धोतर-टोपीतल्या माणसांत त्यांचा तो इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. शांतपणे म्हणाले, "मी हिमालयाचं सांगितलं होतं, आपल्या डोंगराचं नाही. गंगा बर्फातून येते, आपल्याकडं बर्फ नाही. आपला डोंगर धडकेनं वर आलेला नाही. आपल्याला पाणी वरच्या मुरमात आणि थरांच्या सांध्यात मिळतं. खाली खडक घट्ट आहे. माळावर पडेल ते पाणी उतरून पायथ्याला जातं, म्हणून जुनी विहीर खोल करा, वरच्या नाल्याला बांध घाला. माळावरचा बोअर कोरडा जाईल आणि संस्थेला घेऊन जाईल."

मागून एक जण म्हणाला, "बापू, तुझे दाजीच न्हाई म्हनत्यात की बे." माणसं हसली. हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्या बाजूनं मोजके हात होते. आक्का बायकांत बसली होती. तिनं दोन्ही हात पदराखाली धरले होते. ना इकडं वर केले, ना तिकडं. मी त्याच पारावर चेअरमनकीचा राजीनामा दिला आणि वहाणा न घालताच घरी आलो.

दाजींनी सांगितलं तशी जुनी विहीर खोल केली, नाल्याला बांध घातले. पाणी लागलं. फार नाही, पण म्हशी तगल्या आणि संस्थाही तगली. लोक म्हणतात, बघा, सर बरोबर होते. मी म्हणतो, विहिरीला पाणी लागलं म्हणजे विहीर बरोबर होती, एवढंच. माळावरचा बोअर मारलाच नाही, मग तो कोरडा होता हे कशावरून? आजही माझं तेच म्हणणं आहे. पण माझी तक्रार बोअरची नाहीच. तक्रार ही की घरचा माणूस चारचौघांत बोलला. वरच्या आळीतून खालच्या आळीत यायला किती वेळ लागतो… यायचं, ओट्यावर बसायचं, म्हणायचं, मेव्हणे, तुमचा ठराव मला पटत नाही. मी ओरडलो असतो, त्यांनी ऐकून घेतलं असतं. मी ज्या धंद्यात वाढलो तिथं भाव रुमालाखाली सांगतात, दुसऱ्याची लाज राखायला. भर बाजारात तोंडानं भाव बोलणाऱ्याशी आमच्यात कुणी परत व्यवहार करत नाही.

मी वरच्या आळीला जाणं सोडलं. भाऊबिजेलाही गेलो नाही. आक्का स्वतः ताट घेऊन माझ्या दारात आली, उंबऱ्यावर मला ओवाळलं आणि काही न खाता परत गेली. दुसऱ्या वर्षी परत तसंच. तिसऱ्या वर्षी ताट खाली ठेवून म्हणाली, "तुमी दोघं कावून आसं करता रं? ते म्हनत्यात, बापूनं सभेत माजं नाव घेतलं म्हनून मला सभेतच बोलावं लागलं. तू म्हनतोस, घरी सांगायचं व्हतं. दोघांचं ऐकून माजे कान किटले." मी म्हणालो, "नाव माझ्या दाजीचं घेतलं, परक्याचं घेतलं का?" ती म्हणाली, "उन्हाळ्यात चारधामची गाडी जानार हाय गावातून. मला जायचंय. दोघं संगं येनार आसाल तर जाईन, न्हाईतर माजी यात्रा ऱ्हाईली आसं समजा." बहीण कुणाची होती? सौदा कसा अडवायचा ते तिला बरोबर ठाऊक होतं. आयुष्यभर हिमालय शिकवून तो एकदाही न पाहिलेला नवरा आणि हट्टी भाऊ, दोघांनाही तिनं एकाच बाकावर बसवलं, आणि स्वतः खिडकीपाशी बसली.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गाडी पुष्करला थांबली तेव्हा दाजी समोरच्या बुटक्या डोंगराकडं बघत, कुणाशीच बोलत नसल्यासारखं म्हणाले, "हाही एके काळी हिमालय होता. हा अरवली. इथंही दोन जमिनी धडकल्या होत्या, फार फार जुनी गोष्ट."

मला राहवेना. "मग येवढासा कावून ऱ्हायला?"

"भांडण संपलं. ढकलणारं थांबलं की ऊन, वारा, पाऊस जिंकतात. डोंगर झिजायला लागतो."

"आन् हिमालय?"

"तिथं अजून चालू आहे. अजून ढकलतायत, म्हणून अजून वर चढतोय."

"मग भांडण चालू ठिवलेलं बरं," मी म्हणालो. दाजी हसले. सभेनंतर ते माझ्यासमोर पहिल्यांदा हसले, आणि मला ते आवडलं, हे मी तेव्हा दाखवलं नाही.

बद्रीनाथच्या वाटेवर दरड कोसळून रस्ता बंद झाला. गाड्यांची रांग लागली. सगळे बाहेर येऊन वैतागत होते, आमचा आचारी रस्त्याच्या कडेलाच स्टो पेटवून बसला, आणि दाजी दरीपलीकडच्या कड्यासमोर एका दगडावर बसून होते. त्या कड्यातले थर आमच्या घाटासारखे आडवे नव्हते. कुणीतरी गोधडी लोटून भिंतीशी गोळा करावी तसे ते वळलेले, उभे राहिलेले, परत खाली वाकलेले होते. दगड असा वाकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मेव्हणे, तुमचा रुमाल द्या."

मी खांद्यावरचा रुमाल दिला. जन्मात कधी बैल न घेतलेल्या त्या माणसानं रुमाल गुडघ्यावर पसरला, खाली हात घातला आणि ते मला म्हणाले, घाला हात. मी घातला. "आता ढकला." त्यांनी एकीकडून मूठ रेटली, मी दुसरीकडून. मधे रुमालाला घड्या पडल्या, घड्यांवर घड्या चढल्या आणि कापड वर उठलं. "हे बघा," ते म्हणाले, "हेच समोर आहे." मूठ काही त्यांनी मागं घेतली नाही. मीही घेतली नाही. रुमालाखाली कुणाला काही दिसत नव्हतं, म्हणून मी बोललो, "घरी सांगायला पायजे व्हतं तुमी."

"सांगितलं होतं. तुमच्याच घरी, जेवताना. तुम्ही डेअरीवाल्याला फोनवर झापत होता."

"जेवताना सांगितलं त्याला सांगणं म्हनत न्हाईत."

"आणि माझं नाव विचारल्याशिवाय सभेत घेतलं, त्याला काय म्हणतात?"

आम्ही दोघं रेटत राहिलो. वय झालेल्या माणसाच्या मानानं त्यांच्या मुठीत जोर होता. कोण आधी सोडतं त्याची मी वाट बघत होतो, आणि मला खात्री आहे, तेही बघत होते. तेवढ्यात आक्का आली. आमच्याकडं बघितलं, काय चाललंय ते विचारलंही नाही. तिनं रुमाल ओढून घेतला, ऊन लागत होतं म्हणून डोक्याला बांधला आणि म्हणाली, "खिचडी झालीय. उठा दोघंबी."

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो, जायला-यायला लागलो. तक्रार मात्र कुणी मागं घेतली नाही. ती काढली नाही असा आमचा एक सण गेला नाही. दाजी आजारी पडले तेव्हा मी रोज संध्याकाळी वरच्या आळीला जायचो. बोलायला त्रास व्हायचा, तरी मी दारात दिसलो की म्हणायचे, "या, पाताळ." मी म्हणायचो, "मारलाच न्हाई तर कोरडा कसा?" आणि ते डोळे मिटून हसायचे.

ते जाऊन काही आठवडे झाले, तोवर यंदाचा पाऊस पाठ दाखवून गेलेला. संस्थेचा आताचा चेअरमन गणेश, तरणा पोरगा, मीच सभासद केलेल्या एका बाईचा मुलगा. तो घरी आला. बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "बापूकाका, विहीर पुन्ना आटली. मी सभेत माळावरच्या बोअरचा ठराव मांडणार हाय. तुमचाच ठराव. तुमी फकस्त मागं उभं ऱ्हावा. आता आडवं यायला कुनी न्हाई."

माझं डोकं फिरलं. "कोन आडवं व्हतं बे?" मी असा ओरडलो की शेजारची माणसं ओट्यावर आली. गणेश बिचारा उठून निघून गेला. मी तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांनी माझा ठराव चालत माझ्या दारात आला होता. मांडणारा तयार, विरोध करणारा नाही, हात वर होणारच. मी नुसता गप्प बसलो असतो तरी माळावर मशीन उभी राहिली असती आणि एकदाचं कळलं असतं. कोरडा की ओला, काय ते कळलं असतं. आणि बोअर ओला निघाला असता तर ते सांगायला मी कुणाकडं जाणार होतो…

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळेआधी मी गणेशच्या घरी गेलो. त्याची आई घाबरली, मी परत भांडायला आलो असं तिला वाटलं. मी ओट्यावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. आपला डोंगर कसा उरलेला आहे, भाकरीसारखे थर, पाणी सांध्यात असतं, खोलात नसतं, बांध फुटलेत ते आधी धरायला पाहिजेत, विहिरीतला गाळ उपसायला पाहिजे. लाव्ह्याचं सांगितलं, धडकेचं सांगितलं. सांगता सांगता मी ओट्याच्या दगडावर थाप मारली.

गणेश म्हणाला, "काका, तुमीच तर म्हनत आलात, बोअर मारला न्हाई तर कोरडा कशावरून."

"आजबी म्हनतो. जुगार मी माझ्या जिवावर खेळंन, संस्थेच्या म्हशींवर न्हाई. सभेत मी तुझ्या विरोधात बोलणार हाय. पर सभेत ऐकून तुला धक्का बसू नये म्हनून आधी घरी आलो. कसं सांगायचं आसतं त्ये बघून ठेव."

तिथून मी सरळ वरच्या आळीला गेलो. आक्का चुलीपाशी होती. गॅस आहे, तरी चहा ती चुलीवरच करते, दाजींना धुराचा चहा लागायचा म्हणून. इतक्या सकाळी कुठं गेलतास, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं. म्हणालो, आक्का, हे असं करायचं असतं. दाजींनी एवढंच केलं असतं तर एवढी वर्षं गेली नसती.

तिनं लाकूड आत सारलं. "त्यांनी आसं ओट्यावर बसून सांगितलं आसतं, तर तू ऐकलं आसतंस?"

हेडी माणूस प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. पण समोर बहीण होती. "ऐकलं नसतं," मी म्हणालो. "पण भांडण घरात ऱ्हायलं आसतं."

आक्कानं कप माझ्यापुढं सरकवला. "घरात म्हंजे कुटं," ती म्हणाली, "माज्याच चुलीपाशी ना."